बिळातलं पाणी

शनिवारी, ऑक्टोबरच्या अकरा तारखेला, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मिलोयका हितीने झोपायच्या खोलीतल्या खिडकीचा गुंडाळता लाकडी पडदा वर ओढला. तो अर्ध्यावर अडला. तिने पट्टा सैल सोडून पुन्हा जोरात ओढला, तेव्हा वरच्या पेटीची फळी निसटली आणि एक राखाडी गोळा खिडकीच्या कट्ट्यावर पडला. आवाज ओल्या मोज्यांच्या गुंडाळीचा यावा तसा आला. गोळा हलला नाही. तिने चष्मा शोधला, घातला, आणि मग तिला गोळ्याभोवती आवळून घेतलेली झुपकेदार शेपटी, तिच्याखालून डोकावणारे गुलाबी तळवे आणि मिटलेला, काळी कड असलेला एक डोळा दिसला. पोल्ह होता. खार आणि उंदीर यांच्या मधलं काहीतरी, झाडावर राहणारं. उन्हाळाभर खातं आणि उरलेले सात महिने झोपतं. समोरच्या टेकडीवरच्या जंगलातून गटाराच्या नळावरून चढला असणार. चौथ्या मजल्यापर्यंत. पाठीवर हात ठेवला तर तो काचेइतकाच गार होता, आणि तरीही मेलेला नाही हे तिला हात लावल्याबरोबर कळलं. बावन्न वर्षांत तिने पोल्हाला हात लावला नव्हता.

दारावर थाप पडली. शेजारची सेनादा, हातात कॉफीचं लांब दांड्याचं भांडं, केस अजून न विंचरलेले. "काय पडलं, शेजारीणबाई? मला वाटलं तुम्हीच पडलात."

"मी पडले असते तर खालच्यांनीही दार वाजवलं असतं."

सेनादा आत येऊन खिडकीपाशी वाकली. "या अल्ला, हा उंदीर? एवढा? ह्याला भाडं लावा."

"उंदीर नाही. पोल्ह आहे. झोपलाय."

"म्हणजे तुम्ही लोक खाता तोच?"

"खायचो. बटाटे घालून."

"आणि वर मला म्हणता, जिन्यात माझ्या लसणाचा वास येतो." तिने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "राहू द्या हो घरात. एकट्या माणसाच्या खोलीत श्वास घेणारं दुसरं काहीतरी असावं. माझा मेहमेद गेला तेव्हा मी सहा महिने रेडिओ बंद केला नव्हता."

मिलोयकाने कॉफी घेतली, कप धुऊन परत दिला, दार लावलं आणि कडीही घातली. सेनादा वीस वर्षं शेजारी होती. वीस वर्षांत ती मिलोयकाच्या स्वयंपाकघरात बसली होती, पण गेली साडेतीन वर्षं मिलोयकाने तिला फ्रिज उघडू दिला नव्हता. दूध हवं असलं तर ती स्वतः उठून द्यायची, अंगाने दार झाकून.

पोल्ह खोलीत राहू शकत नव्हता. घरात एकवीस अंश होते. दोन तासांत तो जागा झाला असता, आणि या दिवसांत एकदा अवेळी जागा झालेला पोल्ह साठवलेली चरबी जाळून फेब्रुवारीत बिळात मरतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वडील बोलायचे, ती ऐकायची. बाल्कनीवर ऊन येणार होतं. तिने बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, पोल्हाला त्यात ठेवलं, आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घेतलं: दोनशे चौदा ग्रॅम. मग फ्रिज उघडून खोकं खालच्या कप्प्यात सरकवलं, काकड्यांच्या लोणच्याची असते तशा पाच लिटरच्या बरणीशेजारी. बरणीभोवती काळं कापड होतं. तिने ते उचललं आणि आता फ्रिजमध्ये दोन जण होते.

बरणीत माणूसमासा होता. मासा नव्हे, सरड्याच्या घाटाचा, चार किरकोळ पायांचा, आयुष्यभर पाण्यातच राहणारा प्राणी. पण तिच्या गावाकडे सगळे माणूसमासाच म्हणतात, कारण त्याची कातडी उन्हात कधी न गेलेल्या माणसाच्या कातडीच्या रंगाची असते. सव्वीस सेंटिमीटर लांब, सतरा ग्रॅम. डोळ्यांच्या जागी कातडी सरळ जोडलेली. मानेच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे लाल झुबके, आणि आख्ख्या अंगात रंग म्हणावा असा तेवढाच. साडेतीन वर्षांत त्याने काही खाल्लं नव्हतं. तिने पहिल्या महिन्यात गांडुळाचे तुकडे टाकून पाहिले. ते तसेच पांढरे पडले. मग तिने वाचून काढलं की तो दहा वर्षंही न खाता राहतो, आणि प्रयत्न सोडला. चौतीस वर्षं ती शहराला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याच्या तपासणीत काम करत होती. दर सहा आठवड्यांनी क्लोरीन न घातलेलं पाणी कामावरून आणून बरणीतलं पाणी बदलणं तिला अवघड नव्हतं. फ्रिजचं तापमान सहा अंश. गेल्या मंगळवारी डाव्या कल्ल्यावर कापसासारखा पांढरा ठिपका दिसला. बुधवारी तो मसुराएवढा होता. आज सकाळी त्याने एक आख्खा झुबका झाकला होता.

ती स्टूल ओढून उघड्या फ्रिजसमोर बसली, घड्याळ हातात धरून. सवयीने मोजू लागली. सात मिनिटांत पोल्हाने एकदा श्वास घेतला. त्याच सात मिनिटांत माणूसमाशाने एकदाही पाय हलवला नाही. वरून पाहिलं तर दोघे सारखेच वाटत होते. फ्रिजचा दिवा दोघांवर सारखाच पडत होता. पण सारखे नव्हते. पोल्हाने आधी खाऊन ठेवलं होतं, दुप्पट झाला होता आणि मग स्वतःला बंद करून घेतलं होतं; त्याला मे महिना ठाऊक होता. त्याचं हे थांबणं म्हणजे मुक्काम होता, पुढे गाव होतं. बरणीतल्याने काही साठवलं नव्हतं. त्याने फक्त गरजा एकेक करून काढून टाकल्या होत्या, आधी डोळे, मग रंग, मग भूक. तो झोपलेला नव्हता. तिने कापड उचललं की उजेड कातडीला कळून तो अंग आक्रसायचा, दर वेळी, साडेतीन वर्षं. पोल्हाला ती हातात घेऊन उचलून आणू शकली आणि त्याला कळलं नाही. याला सगळं कळत होतं. त्या दोघांत आपण कुठल्या बाजूच्या, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिने तो कामावरच्या सवयीने बाजूला ठेवला, कारण त्याला मोजायचं काही साधन नव्हतं. फ्रिज जास्त वेळ उघडा राहिल्याने किरकिरू लागला. तिने दार लावलं.

बावन्न वर्षांपूर्वी, नववं वर्ष होतं तिचं. बीचच्या झाडांना दाणे लगडलेले, म्हणजे पोल्हांचं साल. ते दर सालात येत नाही. तिच्या गावाकडे प्रत्येक घराचं एक बीळ असतं. जमीन चुनखडीची, खाली पोकळ. कुठेतरी दोन खडकांत हातभर फट असते आणि तिच्यातून गार वारा वर येतो. शरदात पोल्ह तिथून आत उतरतात. फटीच्या तोंडाशी लाकडी सापळा लावायचा. बीळ कागदावर कुणाच्या नावाने नसतं, त्यामुळे त्याचा पत्ता हीच मालकी. बाप मरताना मुलाला सांगतो. लहान मुलांना नेलं तर डोळ्यांवर फडकं बांधून नेतात. तिच्या बापाने, गाश्पर हितीने, तिला फडकं बांधलं नव्हतं. तो हसत म्हणाला होता, "हिला काय बांधायचं, ही माझ्यासारखीच आहे, पोटात ठेवते." सोमवारी शाळेत टोन्चका नावाच्या मुलीने नवीन रंगपेटी दाखवली. मिलोयकाकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. तिने पत्ता सांगितला. करवतखान्यापासून किती, वाकडं झाड कुठलं, सगळं अचूक. तिला तेव्हाही अचूकच सांगता यायचं. शनिवारी वडील तिथे गेले तेव्हा फटीच्या तोंडाशी दुसऱ्याचा सापळा होता आणि आजूबाजूला उपटलेल्या केसांचे पुंजके.

त्यांनी मारलं नाही. आरडाओरडा केला नाही. पुढच्या शरदात नवीन बीळ सापडलं होतं, वडिलांनी तिच्या धाकट्या भावाला, राइकोला, बूट घालायला सांगितलं आणि ती आपले बूट आणायला गेली तेव्हा म्हणाले, "तू झोप, पोरी. तुला झोप चांगली लागते. पोल्हासारखी." एवढंच. नंतर दर शरदात एवढंच. ती पलंगावर पडून दोघांची पावलं अंगणातून जाताना ऐकायची, कुठल्या बाजूला वळतात ते ऐकायचा प्रयत्न करायची, आणि त्यांना ते माहीत असल्यासारखी ती पावलं कुंपणापाशी थांबायची आणि मग ऐकू येईनाशी व्हायची. एकोणिसाव्या वर्षी ती ल्युब्ल्यानाला, या शहरात आली. वडील वारले त्या दुपारी, आधी त्यांनी राइकोला आत बोलावलं आणि दार ओढून घेतलं. ती स्वयंपाकघरात चुलीवरच्या किटलीत पाणी उकळताना बघत उभी होती. पाणी उकळू लागलं की बोलणं ऐकू येत नाही; तिने किटली उतरवली नाही.

साडेतीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, रविवारी दुपारी, राइको दुधाची झाकणाची बादली घेऊन या घरी आला होता. डोक्यावर वडिलांची पोल्हाच्या कातड्यांची टोपी, एप्रिलमध्येसुद्धा. दाराशीच बूट काढत म्हणाला, "मिली, तू पाण्यातली बाई. बघ ह्याचं काय करायचं."

"कुठे मिळाला?"

"बिळातून पाणी वर आलं. आठ दिवस पाऊस होता ना. ओसरलं तेव्हा हा गवतात पडलेला. शेपटीवर कुणीतरी चोच मारलीय."

"कुठल्या बिळातून?"

राइको हसला. बादलीकडे बघत म्हणाला, "आपल्या." मग, "पंधरा दिवस ठेव. जखम भरू दे, मी येऊन नेतो. आणि कुणाला बोलू नको, हा प्राणी घरात ठेवला तर दंड होतो."

तिने बादलीतल्या पाण्याचं तापमान घेतलं आणि एक बाटली भरून दुसऱ्या दिवशी कामावर नेली. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी दिसलं की तिचा हात आपोआप जायचा. तापमान ८.४. वाहकता, म्हणजे पाणी वाटेत किती दगड पिऊन आलंय त्याचा आकडा, ४१२. हे तिने वहीत लिहिलं. अकराव्या दिवशी राइको लाकडाच्या खोपीत पडला. उजवं अंग गेलं आणि शब्द गेले. 'हो', 'नाही', 'कॉफी' आणि एक शिवी, इतके परत आले.

एकदा तिने सार्वजनिक फोनवरून, नाव न सांगता, गुहांतल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांना विचारलं होतं. पलीकडच्या तरुण आवाजाने पहिला प्रश्न केला: "कुठल्या पाण्यातला?" प्रत्येक भूमिगत पाण्याचे माणूसमासे वेगळे असतात, हजारो वर्षं एकमेकांना न भेटलेले, एकाचा दुसऱ्याच्या पाण्यात सोडला तर त्याचा रोग सगळ्यांना लागू शकतो. पाणी माहीत नसेल तर टाकीतच ठेवावा लागेल, कायमचा. तो किती जगतो, असं तिने विचारलं. शंभर वर्षं, आवाज म्हणाला. तिने फोन ठेवला. दोन उन्हाळे ती रविवारी बसने गावाकडे गेली, झरे, विहिरी, फटी, सत्तावीस ठिकाणचं पाणी मोजलं. ४१२च्या जवळपास एकही नव्हतं. जंगलात अशा फटी शेकड्यांनी होत्या आणि गावात आता तिला नावाने ओळखणारे थोडे. आणि दर दुसऱ्या शनिवारी त्सेरक्नित्साच्या वृद्धाश्रमात, राइकोच्या पलंगाशी वाकून, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती विचारायची, "बीळ कुठलं, राइको? आपलं बीळ कुठे आहे?" दर वेळी तो तोंड खिडकीकडे फिरवायचा. बोलणं शिकवणारी बाई म्हणाली होती, शब्द उरले नसतील. मिलोयका भावाची मान किती जोरात वळते ते बघायची. शब्द नसलेला माणूस असा वळत नाही, असं तिला वाटायचं, आणि बसमध्ये परत येताना तिला हेही वाटायचं की हे आपलं बावन्न वर्षांपूर्वीचंच वाटणं असेल.

दहा पंचावन्नच्या बसमध्ये ती खोकं मांडीवर घेऊन बसली, खाली बर्फाच्या दोन थंड पट्ट्या, वर स्वेटर. पोल्ह का नेत होती ते तिला नीट सांगता आलं नसतं. घरी ठेवायचा नव्हता, शहरात सोडायचा नव्हता, राइकोला आवडेल, अशी तीन कारणं तिने स्वतःला दिली आणि तिन्ही खोटी नव्हती. शेजारच्या सीटवर एक शाळकरी मुलगी फोनमध्ये बघत होती. खोक्यात श्वास घेणारं काही आहे हे त्या बसमध्ये फक्त मिलोयकाला माहीत होतं. घरी फ्रिजमध्ये श्वास घेणारं आणखी एक आहे हेही. दोन गुपितं घेऊन बसलेली बाई दिसते कशी, असा विचार करून तिने काचेत पाहिलं. स्वेटर, चष्मा, ओठ मिटलेले. पाण्याचा अहवाल घेऊन चाललेल्या बाईसारखी.

दाराशी ब्रीना नावाची परिचारिका भेटली, तरुण, सगळ्यांशी मोठ्याने बोलणारी. "आलात का, मिलोयकाबाई! साहेब आज रागात आहेत. टोपी धुवायला मागितली तर मला ती शिवी मिळाली. एकच येते, पण उच्चार काय सुंदर! खोक्यात काय, केक?"

"झोपलेला पोल्ह."

ब्रीना आधी हसली, मग तिने भोकातून आत पाहिलं. "मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली, "पण वॉर्डात सुटला ना, तर तुम्हीच पलंगाखाली शिरायचं."

राइको खिडकीशी चाकांच्या खुर्चीत होता. शेजारचा म्हातारा जेवायला गेला होता. टोपी डोक्यावर. त्या टोपीला बत्तीस कातडी लागली होती. वडिलांनी स्वतः शिवलेली, मागची एक शिवण उसवलेली. मिलोयकाने खोकं त्याच्या मांडीवर ठेवून झाकण काढलं.

त्याने बराच वेळ पाहिलं. मग डावा हात आत घातला, पोल्ह तळव्यावर उचलून घेतला आणि तोंडाजवळ नेला. तिला वाटलं वास घेतोय. त्याने पोटावरच्या केसांवर फुंकर मारली; केस फाकले आणि खालची कातडी दिसली, पिवळट, चरबीने ताणलेली. वडील असंच करायचे. राइको म्हणाला, "जड."

साडेतीन वर्षांतला पाचवा शब्द. ती खाली बसली, पलंगाच्या कडेवर. काही बोलावं तर तो शब्द मोडेल अशी भीती वाटली. त्याने टोपी काढली, मांडीवर उलटी ठेवली, पोल्हाला आत ठेवलं आणि हात काढून घेतला, ऊब लागू नये म्हणून. कपाळावर टोपीचा पांढरा पट्टा उमटला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. साडेतीन वर्षांत शनिवारी दुपारी खोलीत दुसरं कुणी नसण्याची ही पहिली वेळ होती, हे तिच्या लक्षात आलं, आणि ती नेहमीच्या आवाजात बोलली.

"राइको, माशाला बुरशी लागलीय. डाव्या कल्ल्याला."

त्याने मान वर केली. इतकी चटकन की ती दचकली. त्याचे ओठ दोनदा जुळले आणि सुटले.

"जि... जिवंत?"

"म्हणजे काय? जिवंतच आहे. फ्रिजमध्ये. तुला..." आणि ती थांबली. तिने मागे मोजलं. दर दुसरा शनिवार, साडेतीन वर्षं, नव्वदच्या आसपास भेटी. शेजारचा म्हातारा, ये-जा करणाऱ्या बाया, दंडाची भीती. एकाही भेटीत तिने माशाचं नाव काढलं नव्हतं. तिच्या डोक्यात तो सतत होता, म्हणून राइकोच्या डोक्यातही असणार असं ती धरून चालली होती. पंधरा दिवसांसाठी दिलेला, शेपटी फाटलेला, न खाणारा जीव कुणी साडेतीन वर्षं ठेवील असं कुठल्या माणसाला वाटेल? त्याला इतकंच ऐकू आलं होतं की बहीण येते, वाकते आणि बापाच्या बिळाचा पत्ता मागते. नव्वद वेळा.

चौतीस वर्षं ती नवीन मुलींना शिकवत आली होती की नमुना कुठला ते बाटलीवर आधी लिहा, मग पाणी भरा.

"त्याला परत सोडायचंय," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच विचारत होते. पहिल्यापासून. दुसरं काही नाही."

राइकोने तिच्याकडे पाहिलं. त्याचा अर्धा चेहरा काही सांगत नव्हता आणि उरलेला अर्धा नऊ वर्षांच्या मुलीकडे बघत असावा तसा होता. शब्द जुळवायला त्याला बराच वेळ लागला. बाहेर कुणीतरी ताटं गोळा करत होतं.

"सांगशील," तो म्हणाला.

"कुणाला?"

प्रश्न तिने भांडणासाठी विचारला होता, पण विचारल्यावर तो खराच निघाला आणि ती उत्तर शोधू लागली. टोन्चका अकरा वर्षांपूर्वी गेली. कामावरच्या मुली तिला 'बाई' म्हणतात आणि दुपारी वेगळ्या टेबलावर जेवतात. लग्न पाच वर्षं टिकलं, त्याला आता सत्तावीस झाली. तो माणूस ग्राझला असतो की असायचा. सेनादाला ती फ्रिज उघडू देत नाही. यादी तिच्या अपेक्षेपेक्षा लवकर संपली. बावन्न वर्षं एक गोष्ट पोटात न ठेवल्याची शिक्षा म्हणून ती सगळ्याच गोष्टी पोटात ठेवत आली होती, आणि आता बाहेर काढायला समोर माणूस नव्हतं.

"सांगायला मला आहे कोण, राइको," ती म्हणाली. तक्रार नव्हती. निष्कर्ष वाचून दाखवतात तसं म्हणाली.

राइकोच्या घशातून आवाज आला, हसण्याचा की दुसरा, ते कळलं नाही. मग त्याने डावा हात पुढे करून तिच्या डोळ्यांसमोर खाली ओढल्यासारखा केला. तिला कळलं नाही. त्याने पुन्हा केला. फडकं. तिने चष्मा काढला आणि डोळे मिटले.

त्याने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, तळवा वर केला. बोटाचं टोक खरबरीत होतं, नख वाढलेलं. मनगटापाशी त्याने दोनदा ठोकलं. "करवत," तो म्हणाला. करवतखाना. तिथून रेघ सुरू झाली, अंगठ्याखालच्या उंचवट्यावरून वर, थांबली, डावीकडे वळली. "तीन," तो म्हणाला, पण तीन काय ते म्हणाला नाही. मग आणखी डावीकडे, हलकं, जवळजवळ न लागणारं, करंगळीच्या मुळापर्यंत, आणि तिथे नख रुतलं. दुखलं. तिने हात ओढला नाही. आपल्याला कुणी शेवटचा हात कधी लावला होता ते तिला आठवेना. न्हावीण, डॉक्टर, सुटे पैसे देणारा बसचालक. मिटलेल्या डोळ्यांत लाल अंधार होता, आणि कातडीला सगळं कळत होतं, एकेक वळण.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा काढलं. दुसऱ्या खेपेस रेघ थोडी वेगळी गेल्यासारखी वाटली. तिसऱ्या खेपेला त्याचा हात थकला होता. तिने डोळे उघडले तेव्हा त्याने टोपी तिच्याकडे सरकवली होती, आतल्या पोल्हासकट, आणि तोंड खिडकीकडे वळवलं होतं. ती निघताना दारापाशी पोचली तेव्हा तो म्हणाला, "कॉफी." तिने ब्रीनाला सांगितलं.

रविवारी दुपारी बारा चाळीसला ती करवतखान्याच्या थांब्यावर उतरली. करवतखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पाटी होती. पाठीवर मोजायचं साहित्य, एका हातात थंड पिशवीत गुंडाळलेली बरणी, दुसऱ्या हातात रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली टोपी, पोल्हासकट. आदल्या संध्याकाळी तिने हातावरचा रस्ता कागदावर उतरवून पाहिला होता. तीनदा काढला, तीन वेगळे रस्ते आले. तिने कागद फाडून टाकला आणि आता दर फाट्याला ती थांबून डोळे मिटत होती. चढ. थांबा. डावीकडे. तीन म्हणजे तीन फाटे, तीन झाडं की तीनशे पावलं; तिने तीन फाटे धरले. जंगलात पानं पडत होती आणि पडताना ऐकू येत होती. एके ठिकाणी डावीकडे वाट नव्हतीच, नुसता उतार. ती तरीही वळली, झाडांना धरत, बरणी छातीशी घेऊन. आतलं पाणी तिच्या चालण्याने डुचमळत होतं. सॉरी, ती म्हणाली, मोठ्याने. जंगलात आपला आवाज ऐकून ती क्षणभर उभी राहिली.

दोन खडकांमध्ये फट होती. वर बीचचं झाड, त्याच्या खोडात गंजलेला खिळा, सापळा टांगायला असतो तितक्या उंचीवर. खिळे त्या जंगलात पुष्कळ झाडांना आहेत. तिने फटीच्या तोंडाशी तळवा धरला. गार वारा आला, दमट, तळघराचा वास असलेला. तिने टोपीतून पोल्ह उचलला. तो अजून गार होता, अजून आवळलेला. पोल्हाला कुठलंही बीळ चालतं. चरबी असली आणि गारवा असला की मे महिना त्याला सापडतो. तिने हात खांद्यापर्यंत आत घालून कोरड्या पानांवर त्याला ठेवलं. बोटांखाली त्याचा एक श्वास आला. मग तिने हात काढला आणि टोपी रिकामी झाली तेव्हा ती घालून पाहिली. मोठी होत होती.

दोरीला बाटली बांधून तिने खाली सोडली. अकरा मीटरवर दोरी सैल पडली आणि खालून पाणी गिळल्याचा आवाज आला. तिने बाटली वर ओढली, उपकरण बुडवलं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. तापमान ८.६. वाहकता ४३१. धुऊन, नवीन नमुना घेऊन पुन्हा मोजलं. ४३१. बादलीतलं पाणी एप्रिलच्या पुराचं होतं, पावसाने पातळ झालेलं. हे नऊ दिवसांच्या कोरड्या हवेतलं. तेवढ्याने एकोणीसचा फरक पडतो. तो दुसऱ्या पाण्याचाही असू शकतो. दोन्ही वाक्यं तिने एकाखाली एक वहीत लिहिली आणि बाटलीवर चिकटपट्टी लावली. ठिकाण लिहायच्या जागी पेन टेकवलं, आणि ती जागा कोरी सोडली.

मग तिने बरणीभोवतीचं कापड सोडलं. माणूसमाशाने उजेडात अंग आक्रसलं. उजवा कल्ला लाल होता. डावा पांढरा. त्याला खालच्या पाण्याची सवय व्हावी म्हणून तिने बाटलीतलं वाटीभर पाणी बरणीत ओतलं, हळू, काचेच्या कडेने. त्याने डोकं त्या बाजूला वळवलं. पाण्याला वळलं की तापमानातल्या फरकाला, हे सांगता येणार नव्हतं. शेवटची बस चार पंचवीसला होती. ती गुडघ्यांवर बसली, टोपी डोळ्यांपर्यंत आलेली, झाकण हातात.

तीन वाजून पाच मिनिटांनी बरणीतलं तापमान ७.९ होतं, आणि तो काचेला डोकं लावून, फटीच्या दिशेने, स्थिर होता.